क्युरपीपचे एकुलते झाड आणि शिपाई बुलबुल

तराजूच्या एका पारड्यात एक बुलबुल आणि दुसऱ्या पारड्यात एक उंच झाड ठेवा, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पक्ष्याचे वजन तीस ग्रॅमच्या आसपास, झाडाचे कित्येक क्विंटल! पण वजनाऐवजी संख्या मोजायची ठरवली तर पारडे उलटे फिरते. शिपाई बुलबुल हिंदुस्थानापासून दक्षिण चीनपर्यंत जिकडेतिकडे आढळतो. ज्या झाडाबद्दल आज आपण बोलणार आहोत, त्याच्या जातीची साऱ्या जगातली संख्या आहे फक्त एक.

हे झाड मॉरिशस बेटावर क्युरपीप नावाच्या गावातील वनस्पती उद्यानात उभे आहे. ते ताडामाडाच्या कुळातले असून त्याचे शास्त्रीय नाव हायोफोर्बे अमारिकॉलिस असे आहे. आणि गंमत म्हणजे त्याच बेटावर आपला शिपाई बुलबुलही आहे. तो तिथला मूळचा नव्हे. १८९२ साली माणसांबरोबर तो तिथे पोचला आणि पुढच्या दोनेक दशकांत बेटभर झाला. एकाच बेटावर, त्याच हवापाण्यात, एक पाहुणा लाखांनी वाढतो आणि घरचा धनी एकावर येऊन थांबतो, हे कसे? हा प्रश्न जीवशास्त्राचा तर आहेच, पण त्यात थोडे गणित आणि थोडे पदार्थविज्ञानही दडलेले आहे. म्हणून ही तुलना.

दोघांची ओळख

शिपाई बुलबुल सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात राहणाऱ्या वाचकांच्या चांगल्या ओळखीचा असेल. डोक्यावर काळी टोकदार शेंडी, पांढऱ्या गालावर डोळ्यामागे लाल ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी तांबडा रंग. शेंडीमुळे तो टोपी घातलेल्या शिपायासारखा दिसतो. लांबी सुमारे वीस सेंटिमीटर. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आज ते पिक्नोनोटस जोकोसस असे लिहितात. जोकोसस म्हणजे आनंदी, गमत्या. त्याचे झुपकेदार, चढउतारांचे बोलणे ऐकले की हे नाव पटते.

आता झाड. त्याची उंची सुमारे बारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. हायोफोर्बे या ग्रीक शब्दाचा अर्थ डुकरांचा चारा. या गटातल्या झाडांची फळे डुकरे खात म्हणून हे नाव पडले. अमारिकॉलिस म्हणजे कडू खोडाचा. या गटात एकूण पाच जाती आहेत आणि त्या सगळ्या हिंदी महासागरातल्या मॉरिशस, रॉड्रिग्स आणि रीयुनियन या तीन बेटांच्या आसपासच्याच. त्यांतली एक तुम्ही नक्की पाहिली असेल. बागेत किंवा कचेरीच्या फाटकाशी फुगलेल्या बुंध्याचा, बाटलीसारखा दिसणारा बुटका पाम असतो ना, तो आपल्या एकुलत्या झाडाचा सख्खा भाऊबंद. बाटली पाम जगभरच्या बागांत पोचला, पण त्याच्या मूळ घरी, मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवर, तोही बोटावर मोजण्याइतका उरला होता. तेथे माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि ससे प्रत्येक कोवळे रोप फस्त करीत. शेळ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये बेटावरून पूर्णपणे हटवले, तेव्हा कुठे नवी रोपे तग धरू लागली.

क्युरपीपच्या झाडाला असा भाऊबंद आहे, पण जोडीदार नाही. झाडाभोवती मचाणासारखा सांगाडा उभारला आहे. त्यावर चढून शेंड्यापर्यंत जाता येते आणि झाडाला इजाही पोचत नाही.

बेरीज, गुणाकार आणि शून्य

आधी बुलबुलाचा हिशेब करू. मादी एका वेळी साधारण दोन किंवा तीन अंडी घालते. सुमारे बारा दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि आणखी तितक्याच दिवसांत घरट्याबाहेर पडतात. म्हणजे महिनाभरात एक वीण पुरी! हंगामात दुसरी वीणही होऊ शकते. पुढच्या वर्षी ही पिल्ले स्वतः आईबाप व्हायला तयार असतात.

समजा, मांजर, साप, पाऊस यांची वजावट करून एका जोडीच्या वर्षाअखेर दोन जोड्या झाल्या. दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी आठ. दहा वर्षांत किती? १,०२४. आणि वीस वर्षांत? १०,४८,५७६ जोड्या! अर्थात प्रत्यक्षात अन्न, जागा आणि शत्रू यांमुळे ही वाढ कुठेतरी थांबतेच. पण सुरुवातीच्या मोकळ्या काळात वाढ गुणाकाराने होते, आणि गुणाकाराची ताकद काय असते ते ह्या आकड्यांवरून दिसते. मॉरिशसला आलेले बुलबुल थोडे होते, पण त्यांचा बेटभर प्रसार व्हायला माणसाचे अर्धे आयुष्यही लागले नाही. तिथले लोक आज त्याला ‘कोंदे’ म्हणतात.

आता झाडाचा हिशेब. या पामाच्या एकाच झाडावर नरफुले आणि मादीफुले दोन्ही येतात. तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? एकटे असले तरी आपल्याच परागांनी बी धरेल की! अडचण वेळेची आहे. आधी नरफुले उमलतात, पराग उडतात, फुले गळून जातात. मादीफुले उमलतात ती त्यानंतर. नर आणि मादी एकाच घरात, पण एक दिवसा जागा आणि दुसरी रात्री, असा प्रकार. ही निसर्गाची चूक नव्हे. जंगलात शेकडो झाडे असताना ही व्यवस्था फार उपयोगाची होती, कारण तिच्यामुळे दुसऱ्या झाडाचेच पराग मिळत आणि संतती सुदृढ होई. झाडे थोडी मागेपुढे फुलत असल्याने एकाची नरफुले आणि दुसऱ्याची मादीफुले एका वेळी उमललेली सापडत.

हेच गणितात मांडू. जंगलात ‘न’ झाडे आहेत असे समजा. प्रत्येक झाडाला पराग देऊ शकतील अशी दुसरी झाडे (न − १). म्हणून देणाऱ्या-घेणाऱ्या जोड्यांची एकूण संख्या न × (न − १). आता किमती घाला.

झाडे १०० असतील तर १०० × ९९ = ९,९००.
झाडे १० असतील तर १० × ९ = ९०.
झाडे २ असतील तर २ × १ = २.
झाड १ असेल तर १ × ० = ०.

पहिल्या दोन ओळी नीट पाहा. झाडे दहापट कमी झाली, पण जोड्या एकशेदहापट कमी झाल्या! म्हणजे झाडे तुटतात त्यापेक्षा त्यांची वंश वाढवण्याची शक्ती कितीतरी वेगाने घटते. आणि शेवटची ओळ? तिथे झाड जिवंत आहे, हिरवे आहे, दरवर्षी फुलतेही आहे, पण गुणाकाराचे उत्तर शून्य. हे सूत्र ढोबळ आहे, निसर्ग इतका काटेकोर नसतो. क्युरपीपच्या झाडालाही कधीमधी थोडे बी धरले आहे. पण ‘एक’ ही संख्या ‘दोन’च्या निम्मी नाही, हे सूत्राने पक्के सांगितले.

हाक मारणारा आणि मुका

तुम्ही विचाराल, बुलबुलालाही जोडीदार लागतोच, मग त्याचे सूत्र वेगळे कसे? फरक दोन गोष्टींत आहे. बुलबुल उडतो आणि बुलबुल हाक मारतो.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या छातीत, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, पातळ पडद्यांचे एक ध्वनियंत्र असते. फुप्फुसांतली हवा त्यावरून गेली की पडदे थरथरतात आणि आवाज निघतो. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तुम्ही नववी-दहावीत शिकता. अंतर दुप्पट झाले तर तीव्रता चौथाई. तरीही मूठभर पक्ष्याची हाक झाडी ओलांडून पलीकडे पोचते आणि ऐकणाऱ्याला दिशा सांगते. पक्षी विरळ झाले तरी एकमेकांना शोधू शकतात. म्हणून बरीच मोठी घसरण ते सोसतात.

पामाला पाय नाहीत, पंख नाहीत, आवाज नाही. त्याचे पराग किडा किंवा वारा नेईल तितकेच जाणार. शेजारचे झाड तुटले की त्याचा शेजार तुटला तो तुटलाच.

कलम का करता येत नाही?

हुशार वाचक म्हणतील, बी नको, कलम करा! आंब्याचे करतो, गुलाबाचे करतो. इथे पामाची शरीररचना आड येते. आंब्याच्या सालीखाली ऊतककर नावाचा जिवंत थर असतो. त्याच्यामुळे खोड जाड होते, जखम भरते आणि कलमाचे दोन तुकडे एकमेकांत सांधले जातात. ताड, माड, सुपारी आणि आपला पाम ही एकदलिकित झाडे. त्यांना हा थर नसतो. त्यांना फांद्याही नसतात. वाढ होते ती शेंड्यातल्या एकाच कोंबातून.

कोकणातल्या बागाईतदाराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. गेंड्या भुंग्याने माडाचा कोंब पोखरला की तो माड वाचत नाही, बाजूने नवा फुटवा येत नाही. म्हणजे क्युरपीपच्या बागेत एक जात एका झाडावर आणि ते झाड एका कोंबावर तोलून उभे आहे. त्या कोंबाचे मोजमाप वीतभरच असेल.

झाडाचे वयही नेमके सांगता येत नाही, कारण पामाच्या खोडात सागासारखी वर्षाची वलये पडत नाहीत.

शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहीत. मिळालेल्या थोड्याशा बियांतून भ्रूण अलगद काढून, काचेच्या नळीत पोषक द्रव्यावर वाढवण्याचे प्रयत्न लंडनच्या क्यू उद्यानात झाले. नळीत रोपे उगवली, पण नळीबाहेरच्या जगात ती टिकली नाहीत. नळीत हवा दमट, अन्न आयते आणि जंतू नाहीत. बाहेर मातीत मुळांनी स्वतः पाणी ओढायचे आणि पानांनी ते जपून वापरायचे. हा उंबरठा ओलांडणेच कठीण जाते.

दोष कोणाचा?

आता बुलबुलाकडे पुन्हा वळू. त्याने पामाची जागा बळकावली, असे म्हणावे का? तसे म्हणणे बरोबर होणार नाही. बुलबुल येण्याच्या अडीचशे वर्षे आधी, १६३८ मध्ये, डचांनी मॉरिशसवर वसाहत केली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे, माकडे, हरणे आली. डोडो हा न उडणारा पक्षी त्याच शतकात संपला. पुढे उसासाठी जंगले साफ झाली. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव साजरा करतात. ते पोटासाठी राबले. जंगलाचे काय करायचे हे ठरवणारे मळेवाले आणि राज्यकर्ते वेगळे होते. आज मॉरिशसवर चांगल्या अवस्थेतले मूळ जंगल शेकडा दोनसुद्धा उरलेले नाही.

बुलबुलाने मात्र या घायाळ जंगलाच्या अडचणीत भर घातली, आणि तीही आपल्या चांगल्या सवयीने! तो फळे खातो आणि बिया दूर टाकतो. आपल्याकडे हीच सवय उपकारक आहे. उंबराचे, वडाचे बी त्याच्याच पोटातून रानभर जाते. (घाणेरीचेही जाते, हे विसरू नका!) मॉरिशस आणि रीयुनियनमध्ये तो परदेशी झुडपांची गोड फळे खातो आणि त्यांच्या बिया मूळ जंगलात पेरतो. श्रीलंकेकडून आलेले लिगुस्ट्रम नावाचे झुडूप अशा वाटांनी डोंगरमाथ्यावरच्या ओल्या रानात शिरले आहे. त्याच्या दाट सावलीत तिथली मूळ रोपे गुदमरतात. पक्षी तोच, चोच तीच, काम तेच. जागा बदलली आणि परिणाम उलटा झाला.

म्हणून बुलबुल चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो कुठे आहे आणि त्याच्याबरोबर आणखी कोण आहे, हे आधी विचारले पाहिजे.

फाशांचा प्रयोग

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग देतो. एक फासा म्हणजे एक झाड. एकदा टाकणे म्हणजे दहा वर्षे. सहा पडले तर झाड मेले. एकच फासा घेऊन किती डाव टिकतो ते पाहा. चार डावांनंतर झाड जिवंत असण्याची शक्यता (५/६) चा चौथा घात, म्हणजे ६२५/१,२९६, निम्म्याहूनही किंचित कमी.

आता दहा फासे घ्या. चार डावांत दहाही मरण्याची शक्यता येते हजारात साधारण एक ते दोन. झाड तेच, त्याचे नशीब तेच, फक्त संख्या वाढली.

पण थांबा. आता एक लाल फासा ‘वादळ’ म्हणून वेगळा ठेवा. प्रत्येक डावात तोही टाका आणि त्यावर सहा पडले तर सगळी झाडे एकदम मेली असे धरा. दहा झाडांची सारी सुरक्षितता कोसळते! मघाचा हिशेब प्रत्येक झाडाचे नशीब स्वतंत्र आहे असे धरून केला होता. एकाच बागेतली दहा झाडे एकाच वादळात सापडतात, आणि मॉरिशस तर चक्रीवादळांच्या वाटेवरचे बेट आहे. १८९२ च्याच एप्रिलमधील चक्रीवादळात तिथे हजारावर माणसे दगावली होती. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हे आपला शेतकरी जाणतो. दुर्मिळ झाडांची रोपे वेगवेगळ्या देशांतल्या उद्यानांत ठेवतात त्यामागे हेच गणित आहे.

चार आणि एक

या हिशेबाने निराश व्हायचे कारण नाही. मॉरिशसमध्येच केस्ट्रेल जातीचा एक छोटा ससाणा आहे. १९७४ मध्ये रानात त्याचे फक्त चार पक्षी माहीत होते. पिंजऱ्यात पैदास करून, अंडी यंत्रात उबवून, घरट्यांसाठी पेट्या लावून त्यांची संख्या काही शेकड्यांवर नेली गेली. चारांतून शेकडो झाले, कारण त्या चारांत एक जोडी वीण करणारी होती.

आणखी एक गोष्ट खास तुमच्यासाठी आणि तुमच्या शिक्षकांसाठी. रॉड्रिग्स बेटावरचे ‘काफे मारों’ हे कॉफीच्या कुळातले झुडूप नष्ट झाले असे सगळे धरून चालले होते. तिथल्या एका शिक्षकाने मुलांना दुर्मिळ वनस्पतींची चित्रे दाखवली आणि शोधायला सांगितले. १९८० च्या सुमारास एका विद्यार्थ्याने रस्त्याकडेला उभे असलेले नेमके ते झुडूप आणून दाखवले! जगात तेवढे एकच होते. १९८६ मध्ये त्याचे छाट विमानाने क्यू उद्यानात नेले. ते जगले, फुलले, पण बी धरेना. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर २००३ मध्ये पहिले बी मिळाले. त्याला छाट लावण्याची सोय होती. आपल्या पामाला ती नाही. एकटेपणाचेही प्रकार असतात, ते असे.

सर्वसाधारण म्हणजे सुरक्षित नव्हे

धोक्यातील जातींच्या जागतिक यादीत शिपाई बुलबुल ‘काळजीचे कारण नाही’ या सदरात आहे, तर पाम ‘अतिगंभीर धोक्यात’. केवळ प्रौढ संख्या पन्नासच्या खाली गेली तरी त्या सदरात घालतात. पामाची आहे एक.

पण सदरे कायमची नसतात. याच बुलबुलाचा एक भाऊबंद, मलाया-इंडोनेशियाकडचा पिवळसर डोक्याचा मोठा बुलबुल, त्याच्या सुंदर आवाजापायी इतका पकडला गेला की २०१८ मध्ये तो पामाच्याच सदरात जाऊन बसला. थायलंडमध्ये गाण्याच्या स्पर्धांसाठी शिपाई बुलबुल पकडले जातात आणि तिथल्या कित्येक रानांतून तो दिसेनासा झाला आहे. ज्या आवाजाने जोडीदार सापडतो, त्याच आवाजाने पारधीही सापडतो.

न × (न − १) या सूत्राकडे शेवटचे एकदा पाहा. ‘न’ मोठा असतो तेव्हा एक कमी झाल्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. ‘न’ लहान होतो तेव्हा सगळे मोजू लागतात, आणि मग दिवसरात्र एक करूनही गुणाकार जुळत नाही. क्युरपीपच्या झाडासाठी आज मचाण आहे, प्रयोगशाळा आहे. शंभर झाडे होती तेव्हा नुसते कुंपण पुरले असते.

तेव्हा पुढच्या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन बाहेर पडा. आपल्या गावात शिपाई बुलबुल किती दिसतात, शेजारच्या देवराईत कोणती झाडे आहेत, त्यांची रोपे खाली उगवलेली दिसतात की नुसतीच म्हातारी झाडे उरली आहेत, ते लिहून ठेवा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी मोजा. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. आकडे मोठे आहेत तोवर ते कंटाळवाणे वाटतील. पण मोजायची खरी वेळ तीच आहे.